जावईबापू, मागं काय आहे?

देवाने इतर माणसांना डोळे समोरचं बघायला दिले असतील, आमच्या सासऱ्यांना मात्र ते फक्त मागचं बघायला दिले होते. कुठलाही फोटो दाखवा, बारशाचा, साखरपुड्याचा, नव्या गाडीला हार घातल्याचा. फोटोत कोण आहे याच्याशी त्यांना काही कर्तव्य नसे. "मागं काय आहे?" हा पहिला प्रश्न. आणि मागे हमखास काहीतरी निघायचंच. माझ्या लग्नाच्या अल्बममध्ये आम्हा दोघांच्या डोक्यांच्या बरोबर मध्ये एक आचारी झारा घेऊन उभा आहे, हे त्यांनी मला लग्नानंतर तिसऱ्या दिवशी दाखवलं. तेव्हापासून त्या फोटोत मला बायको दिसतच नाही. आचारीच दिसतो.

मामांचा, म्हणजे सासऱ्यांचा, देवळाली कॅम्पात फोटो स्टुडिओ होता. तोफखान्याच्या ट्रेनिंगला आलेले जवान रविवारी दाढीबिढी करून घरी पाठवायला फोटो काढून घेत. मागे तीन रंगवलेले पडदे: एकावर ताजमहाल, एकावर शिकारा, एकावर कुंड्या मांडलेला जिना. पडद्याला सुरकुती दिसली तर मामा जवानाला तसाच सावधानमध्ये उभा ठेवून पडदा झटकायला जात. मी एकदा विचारलं, एवढं काय त्या पडद्याचं? तर म्हणाले, "फोटो घरी पोचला की आई आधी पोराचं तोंड बघते आणि मग मागं बघते. पोरगं कसल्या जागी राहतंय, हे तिला मागूनच कळतं ना!" फोटो मनासारखा उतरला की ते एकच शब्द म्हणत, "जमलं." बायको सांगते, तो शब्द ऐकला की त्या दिवशी घरात शिरा व्हायचा.

पुढे मोबाइल आले, स्टुडिओ बंद झाला, पडदे गुंडाळून माळ्यावर गेले. आणि मामांचे ते बेकार झालेले डोळे माझ्या वाट्याला आले, कारण मी नाशिकला अंबडच्या एका शेडमध्ये वाइनच्या बाटल्यांचे फोटो काढतो. जन्मात ज्याने वाइनचा थेंब चाखला नाही, तो माणूस रोज सकाळी माझ्या स्टुलावर बसून बाटल्यांची परेड घ्यायचा. जावई म्हणून मान मात्र पुरेपूर. अधिक महिन्यात वाण, वर धोतरजोडी, आणि फोटोची चिरफाड करण्याआधी न चुकता, "जावईबापू, राग मानू नका, पण…" तो 'पण' ऐकला की मी मुकाट्याने कॅमेरा परत स्टँडवर चढवायचो. मला त्यांच्या तोंडून एकदाच 'जमलं' ऐकायचं होतं. बारा वर्षं मी त्या एका शब्दासाठी झुरलो, हे सांगायला आता मला लाज वाटत नाही.

पण कसलं काय! "बाटलीचे खांदे बघा, पडलेत. लाइट खाली घ्या, जवान ताठ दिसला पाहिजे." बुचाच्या वर मोकळी जागा कमी पडली की, "टोपीला जागा सोडा हो!" एकदा भर मे महिन्यात मी मोठ्या हौसेने फोटो दाखवला. मामांनी चष्मा कपाळावर चढवला, स्क्रीनला नाक लावलं आणि म्हणाले, "बाटलीत तुम्ही दिसताय. बनियनवर." खरंच दिसत होतो. पंखा लावला की मागचा कागद हलतो म्हणून पंखा बंद, आणि म्हणून मी बनियनवर! मग त्यांनीच बाटलीच्या दोन्ही बाजूंना काळे पुठ्ठे उभे केले आणि मला काचेतून घालवून दिलं. वेबसाइटवाल्यांना नुसती पांढरी पार्श्वभूमी लागायची, त्याच्यावर तर त्यांचा भारीच राग. "पांढऱ्यापुढं पासपोर्टसाठी उभं करतात. हिला काय दुबईला पाठवताय?"

बाहेरही तेच. गंगापूर रोडच्या एका हॉटेलात पुतणीच्या वाढदिवसाला गेलो, तर मामा वाइनचं फोटोवालं कार्ड घेऊन बसले. वेटर अदबीने वाकला, "साहेब, कुठली देऊ?" मामा म्हणाले, "ही नको. हिच्या मागं पडदा चुरगळलाय." वेटर बिचारा दुसरी घेऊन यायला निघाला होता.

सगळ्यांत मोठा तमाशा झाला तो द्राक्षांवरून. एका कंपनीला बाटलीशेजारी घड हवा होता. मी बाजारातून झकास हिरवी, लांब मण्यांची द्राक्षं आणली, पाणी शिंपडलं, फोटो काढला. मामा आले, बघितलं आणि मटकन खालीच बसले. "जावईबापू, राग मानू नका, पण ही पोरं हिची नाहीत! अहो, रेड वाइन ना ही? तिची द्राक्षं बारीक, काळी, बियांची. ही खायची द्राक्षं हिच्या मांडीवर कुणी दिली? नाशिकचे ना तुम्ही?" एवढं बोलून ते गप्प बसले असते तर ठीक, पण बोलता बोलता त्यांनी अख्खा घड खाऊन टाकला. परत बाजारात कोण जाणार? मीच गेलो.

सासूबाई गेल्यावर मेहुणा मामांना बंगळुरूला घेऊन गेला. स्टूल रिकामं झालं. मी फोटो मोबाइलवर पाठवायचो, तिकडून पंधरा पंधरा मिनिटांचे व्हॉइस मेसेज यायचे. मग ते पाच मिनिटांवर आले. मग नुसतं "बरा आहे" यायला लागलं. मला वाटलं, चला, आपण सुधारतोय.

आणि गेल्या वर्षी एके दुपारी व्हॉइस मेसेज आला, "जमलं, जावईबापू. जमलं." मी अक्षरशः ओरडलो. बायकोला फोन दाखवला, म्हटलं, शिरा कर! तिने फोटो बघितला आणि फोन माझ्याच डोळ्यांसमोर धरला. घाईघाईत मी भलताच फोटो पाठवला होता, लाइट तपासायला काढलेला. बाटली वाकडी, शेजारी टिश्यूचा रोल, मागे चहाचा उष्टा कप आणि माझी चप्पल.

तिने स्पीकरवर फोन लावला. आधी मामांनी थोडी टाळाटाळ केली, मग कबूल झाले. "फोनवर आता नुसता उजेड दिसतो गं. डॉक्टर म्हणाले, यापुढं असंच."

"मग जमलं कशाला म्हणालात, बाबा?"

"अगं, किती वर्षं वाट बघतायत जावईबापू! दिसेल तेव्हा म्हणू म्हणून थांबलो असतो, तर राहूनच गेलं असतं."

बायको रडली. मला आधी राग आला, खरं सांगतो. मग व्हिडिओ कॉल केला, तेव्हा मामांच्या मागे नुसती पांढरी भिंत होती. एक कॅलेंडरसुद्धा नव्हतं. कसल्या जागी राहतायत, काही कळेना.

आता बाटली मांडली की मी त्यांना फोन लावतो. "मागं काय आहे?" ते विचारतात. मी सगळं सांगतो, कागदाचा रंग, पुठ्ठे, वरची जागा. सगळं त्यांनी शिकवल्याप्रमाणेच केलेलं असतं, त्यामुळे ते हल्ली फक्त "बरं" म्हणतात आणि फोन ठेवतात. त्या "बरं"ने मला फार एकटं वाटतं. ते 'जमलं' परत घ्या म्हणावं आणि रोज शिव्या द्या म्हणावं, असं होतं.

म्हणून परवा मी म्हटलं, "मामा, बाटलीशेजारी द्राक्षांचा घड ठेवलाय."

"कसला?"

"हिरवा. लांब मण्यांचा. बाजारातनं आणला."

मग तिकडे खुर्ची सरकली आणि तोच जुना, चढा आवाज आला, "जावईबापू, राग मानू नका, पण काय म्हणावं तुम्हाला! बारा वर्षं घसा कोरडा केला मी! उचला, आधी उचला तो घड!"

"उचलतो, मामा," मी म्हणालो. टेबलावर एकही द्राक्ष नव्हतं. मी त्यांचं स्टूल ओढून घेतलं आणि ते थांबेपर्यंत ऐकत बसलो.