रुखवतातला टावर

मध्यभारत राज्य जाऊन मध्यप्रदेश आला त्या हिवाळ्यात ताईचं लग्न झालं. मुलगा सचिवालयात कारकून होता. आधी राजधानीबरोबर त्याचं बिऱ्हाड हिवाळ्यात ग्वाल्हेर आणि उन्हाळ्यात इंदूर असं फिरत असे. आता ते भोपाळला टेकणार म्हणून आई खूश होती. आमच्या उज्जैनच्या मराठी घरांत तेव्हा लोक पत्रिकेच्या आधी बदलीचं विचारत.

लग्न ठरलं तसं रुखवत सुरू झालं. साखरेचं तुळशीवृंदावन, मण्यांची तोरणं, लोकरीचं बदक. घरात सगळ्यांत चांगला हात आत्याचा. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन आमच्याकडे आली ती इथलीच झाली. पण विधवेचा हात मंगलकार्यातल्या वस्तूला लागू नये, हा आईचा दंडक. तीच आई आत्यानं घातलेल्या लोणच्यावर वर्षभर जेवायची. तिथे काही आड येत नसे. मला या गोष्टीचा भयंकर राग यायचा आणि मी तो भांडी आपटून दाखवायची.

ताई भांडी आपटणाऱ्यांतली नव्हती. ती एवढंच म्हणाली, "आत्याच्या हातची एक वस्तू माझ्याबरोबर येणार. नाहीतर रुखवतच नको."

आईनं बरीच आदळआपट करून एका वस्तूला होकार दिला. "पण कोणी केली ते बोलायचं नाही, बिलकुल नाही!"

आत्यानं फ्रीगंजचा टावर, आमच्या उज्जैनचा तो घड्याळाचा मनोरा, करायचं ठरवलं. भोपाळला सगळं मिळेल, आपला टावर मिळायचा नाही, असं तिचं म्हणणं. भिंतींसाठी तिनं नमदा घेतला, लोकर कुटून केलेला जाड नमदा, टांगेवाले खोगिराखाली घालतात तसा. भैरवगढच्या रंगाऱ्याकडून तो विटकरी रंगवून आणला. घड्याळाच्या तबकड्या आणि खिडक्या मात्र काचेच्या हव्या होत्या. काकांनी महूहून लष्कराच्या भंगारातून विमानाच्या खिडकीचे तुकडे आणलेले होते. ती काच म्हणजे एक प्रकारचं प्लास्टिक. हलकी, पारदर्शक, करवतीनं कापली जाणारी. काका ती येईल त्याला दाखवत आणि जमिनीवर आपटून दाखवत.

कापणं सोपं गेलं. काचेखाली पांढरा नमदा, त्याखाली विटकरी नमदा, असे थर एकमेकांना धरून ठेवणं काही केल्या जमेना. सरस लावला तर नमद्यानं पिऊन टाकला, आणि काचेवरून दुधावरच्या सायीसारखा सुटून आला. खळीनं काच आंधळी झाली. "चिपकतच नाही गं," आत्या म्हणे, आणि पुन्हा बसे.

शेवटी तिनं शेगडीवर दाभण तापवून काचेला भोकं पाडली आणि दोऱ्यानं तिन्ही थर शिवले. छान दिसलं. पण दोरा जरा ओढला की भोकाच्या कडेपासून केसासारखी चीर निघायची, आणि सैल सोडला तर काच डुगडुगायची. दोन तबकड्या गेल्या. मग तिला मणी सुचले. सुई खालून वर काढायची, मण्यातून न्यायची आणि त्याच भोकातून परत खाली. मणी भोकाच्या तोंडावर बसतो, ताण त्याच्यावर येतो आणि काचेची कड वाचते. टावर चौकातून आणलेले मणी फार मोठे निघाले. लहान मण्यांचा रंग दोऱ्याला लागला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर तबकडीवर आकड्यांच्या जागी बारीक काळे मणी बसले होते, अगदी घट्ट. मी टाळ्या वाजवल्या.

आई पाहायला आली आणि तिचा चेहराच उतरला.

"हे मणी कुठले?"

"माझे आहेत," आत्या म्हणाली. "डबीत पडून होते. मापाला बरोबर आले."

नवरा गेल्यावर तोडलेल्या मंगळसूत्राचे मणी तिनं इतकी वर्षं ठेवले होते, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं. आई मटकन खालीच बसली. मुलीच्या लग्नात हे मणी! आत्याच्या मनात खरंच फक्त माप होतं की आणखी काही, ते मला आजही सांगता येणार नाही. ती काम करताना फार विचार करणारी बाई नव्हती, पण मणी कुठले आहेत हे तिला कळत होतंच.

"काढून टाक," आई म्हणाली.

"राहू दे," ताई म्हणाली. लग्न तिचं होतं, म्हणून टावर तसाच राहिला. आईनं तो रुखवताच्या टेबलावर बदकाच्या मागे ठेवला.

विहीणबाईंना तो तरीही दिसला. त्यांनी उचलून खालीवर पाहिला, शेजारणीला दाखवला, आणि कौतुकानं ताईला विचारलं, "मण्यांची युक्ती तुझी का गं?"

"बाजारातले आहेत हो," आई घाईनं म्हणाली.

"माझ्या आत्यानं केलंय," ताई म्हणाली. "मणी तिच्या मंगळसूत्रातले आहेत."

विहीणबाईंनी टावर ठेवला, पदराला हात पुसले आणि त्या तुळशीवृंदावनाकडे वळल्या.

निघायच्या वेळी रुखवताची बांधाबांध झाली आणि टावर टेबलावरच राहिला. कोणी विसरलं नव्हतं. ताई टांग्यात बसल्यावर तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "टावर आला का?" मी नाही म्हटलं. ती शालू सावरत सरळ खाली उतरली.

"अगं, निघालेल्या मुलीनं मागे फिरू नये!" आई ओरडली. टांगेवालाही म्हणाला, "बाईसाब, गाड़ी छूट जाएगी." ताई आत गेली आणि मी तिच्यामागे.

आत्या टेबलावरचा टावर मागच्या खोलीत नेऊन कात्रीनं त्याचे मणी सोडवत बसली होती. निरोपाच्या वेळी ती कधीच पुढे येत नसे. "चांगले मणी आहेत, वाया कशाला घालवायचे," ती आमच्याकडे न बघता म्हणाली. दोन निघाले होते. ताईनं ते पदराच्या गाठीत बांधले, टावर आत्याच्या हातात दिला आणि तिचा दंड धरला.

"तू आणून दे. सगळ्यांसमोर."

"वेडी आहेस का? मी नाही येत."

ताईनं दंड सोडला नाही. दोघी ओसरीवर आल्या तेव्हा दारात आईच उभी होती. तिनं आत्याकडे पाहिलं, विहीणबाईंकडे पाहिलं, आणि बाजूला सरकली. मला रडू आवरेना. आत्या उंबरा ओलांडून टांग्यापर्यंत गेली, ताई चढून बसल्यावर तिच्या मांडीवर टावर ठेवला, आणि विहीणबाईंना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं म्हणाली,

"उन्हात ठेवू नकोस हो. काच वाकते. आणि दोन मणी पुन्हा बसवायचे आहेत, ते मी भोपाळला येऊन बसवीन."