बाटलीतलं पाणी

कोरेगावहून साताऱ्याला निघालेल्या एसटीत एक शिक्षक माझ्या शेजारी येऊन बसले. कडक इस्त्रीचा शर्ट, मांडीवर स्टीलची बाटली. फोनवर कुणाला तरी सांगत होते, "व्हय, वर्गात दारू प्यायल्याची माझी चौकशी आजच हाय. नोकरी ऱ्हाती का जाती, बघू."

फोन ठेवून त्यांनी वेलदोडा तोंडात टाकला. सकाळी सकाळी वेलदोडा कशाला लागतो माणसाला? मधूनच तळहातावर फुंकर मारून ते स्वतःचाच वास घेत होते. मी खिडकीकडे सरकलो.

तेवढ्यात मला जोराचा ठसका लागला. त्यांनी झाकण काढून बाटली पुढं केली. मी ती घेतली, पण वरून पिण्यासाठी उंच धरण्याआधी हळूच नाकापाशी नेली. पाणीच होतं. प्यालो.

"आवं, वरनं पिणाऱ्यानं बाटली नाकापाशी कशाला न्यायची?" ते म्हणाले.

मी बाटली त्यांच्या हातात परत दिली.

"ऱ्हाऊ द्या. घरातबी माझा तांब्या विसळायच्या आधी हुंगत्यात."

साताऱ्यात ते उतरून गेले. पाणी साधंच होतं, मी स्वतः प्यालो होतो. तरी त्यांची पाठ वळल्यावर मी माझी बोटं हुंगून पाहिली.