कवठ म्हणून घरी फोडलेलं फळ

परळच्या आमच्या बिल्डिंगशेजारी एक बाग आहे. तिथल्या झाडाखाली एका सकाळी मला नारळाएवढं, तपकिरी, गोल फळ सापडलं. असलं फळ मी कधी पाहिलं नव्हतं, म्हणून घरी आणलं. मोबाइलच्या अ‍ॅपला फोटो दाखवला, तर ते ठामपणे म्हणालं, "बटाटा."

मग शेजारच्या काकांना बोलावलं. काकांचं बालपण मालवणात गेलंय, त्यामुळे जगातल्या समस्त झाडांवर त्यांचा वडिलोपार्जित हक्क आहे. त्यांनी फळ दोनदा वाजवून पाहिलं.

"कवठ आसा. गूळ घालून चटणी कर."

"काका, एवढं मोठं कवठ?"

"तुमका मुंबयवाल्यांका काय कळतला?"

आईने गूळ चिरायला घेतला आणि काकांनी बत्त्याने फळ फोडलं. आतला पांढरा गर बघता बघता निळसर झाला आणि असा वास सुटला, की आईने गूळ तिथेच टाकून गॅलरी गाठली. खालच्या मजल्यावरून कुणीतरी ओरडलं, "उंदीर मेलाय का रे?"

शेवटी मी बागेत परत गेलो आणि इतका वेळ आम्हा विद्वानांपैकी कुणालाच न सुचलेलं काम केलं, म्हणजे मान वर करून झाड पाहिलं. खोडाला कैलासपतीची गुलाबी फुलं लगडली होती. हीच फुलं आई दर सोमवारी शंकराला वाहते.

घरी येऊन काकांना सांगितलं, की हे कैलासपतीचं फळ आहे. ते नाकाला रुमाल लावून बसले होते.

"मग मी काय सांगत होतंय? कवठासारख्याच आसा ता."