पूजेतला नवा गेम, माळ्यावरचा जुना

आमच्या घरातल्या बायकांनी टीव्ही गेम खेळणं सोडलं ते गेम जुना झाला म्हणून, असं माझा चुलत भाऊ म्हणायचा. ते मी तेव्हाही मानलं नाही आणि आजही मानत नाही.

तो काका-काकूंचा मुलगा, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. मी त्याला अण्णा म्हणे. नव्वदीच्या सुरुवातीला काकांच्या एका मित्राने परदेशातून टीव्ही गेम आणून दिला होता. पांढरा डबा, त्याला कायमचे जोडलेले दोन कंट्रोलर आणि एक कॅसेट. कॅसेटमध्ये वरून पडणाऱ्या विटा होत्या, नदीवरून जाणारं विमान होतं आणि उड्या मारणारा एक बुटका माणूस होता. पहिले दोन-तीन महिने दुपारची जेवणं झाली की आई, काकू आणि शेजारच्या मामी टीव्हीसमोर चटई टाकून बसत. मामी तमिळ बोलत, आई आणि काकू आपापसात पिढ्यानपिढ्या तमिळ मुलखात जपलेली आमची जुनी मराठी बोलत, आणि विटा पडायला लागल्या की तिघी मिळेल त्या भाषेत ओरडत.

मी कुठल्याच भाषेत फारशी बोलत नसे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ, कॉन्व्हेंट शाळेत इंग्रजी. तिन्हींत माझी उत्तरं तेवढीच आखूड. आई माझ्यासारखीच. आम्ही दोघी एका खोलीत तासभर असलो तरी चार वाक्यांपुढे आमचं बोलणं जात नसे, आणि काही बोलायला हवं होतं असं मात्र दोघींनाही वाटत राही. त्या चटईवर तसं वाटत नसे. आई विटा रचायची, मी तिच्या खांद्याला खांदा लावून बसायची. कधी ती नुसती कोपराने ढोसायची, म्हणजे पुढची लांब वीट कुठे टाकू, असं विचारायची. मी बोट दाखवायची. तिच्या इतक्या जवळ बसायला मला दुसरी जागा नव्हती.

मग अण्णाचे मित्र यायला लागले आणि नियम आला, जो हरला तो उठला. भिंतीवर गुणांचा कागद चिकटवला गेला. काकू अर्ध्या मिनिटात हरायची, मग पाऊण तास तिला मुलांचा खेळ बघत बसावं लागे. तेवढ्यात कुणीतरी भात बघायला उठे आणि परत येत नसे. एक दिवस मामी म्हणाल्या, “आम्हाला काय कळतं त्यातलं.” चटई गुंडाळली गेली. मला सगळं दिसत होतं. मी काही बोलले नाही, आणि त्या गप्प बसण्याचा मला पुढची दोन-तीन वर्षं राग येत राहिला.

मी बारावीत होते त्या नवरात्रात अण्णाने नवा गेम आणला. काळा, चकचकीत, एका कंट्रोलरला सहा बटणं. चित्रं खरोखरच सुंदर होती, ते मी नाकारत नाही. डोंगरामागे आणखी एक डोंगर सरकताना दिसे. सोबत एकच कंट्रोलर मिळाला होता. मोठ्या रस्त्यावरचा दुकानदार जुना गेम घेऊन त्याच्या बदल्यात दुसरा कंट्रोलर द्यायला तयार होता.

“जुन्याला कोण हात लावतंय?” अण्णा काकांना म्हणाला. “आणि हा बघितला की आई, काकू, मामी, सगळ्या परत खेळायला येतील. मग दोन कंट्रोलर लागतीलच.”

काका कोलूच्या, म्हणजे नवरात्रातल्या बाहुल्यांच्या मांडणीच्या, पायऱ्यांवर बाहुल्या नीट लावत होते. ते म्हणाले, “दसऱ्याच्या संध्याकाळपर्यंत बघू. तोवर बायका याच्यावर खेळायला लागल्या तर जुना घेऊन जा. नाही तर आहे तिथे राहील.”

“नाही खेळणार,” मी म्हणाले.

दोघांनी माझ्याकडे वळून पाहिलं. मी मध्ये बोलत नसे.

“का?” अण्णाने विचारलं.

“तू खेळू देणार नाहीस म्हणून.”

तो हसला. “बोलायला लागली की ही.”

पुढचे चार-पाच दिवस मी बघत राहिले. कोलू बघायला रोज संध्याकाळी बायका येत, कुंकू लावून घेत, सुंडलचा, हरभऱ्याच्या उसळीचा, द्रोण घेत, आणि आल्यावर गाणं म्हणायचंच हा आमच्याकडचा रिवाज, म्हणून प्रत्येक बाई एकेक गाणं म्हणे. टीव्ही तिथेच, पायऱ्यांच्या बाजूला. अण्णाने आईच्या हातात कंट्रोलर दिला. आईने विचारलं, “उडी कुठल्या बटणाने?” तो म्हणाला, “ते नाही, त्याच्या वरचं. अगं, दोन्ही एकदम दाबायची. दे, मी दाखवतो.” आणि अर्धा तास दाखवत राहिला. काकूचंही तेच झालं. मामी फक्त लाडाने म्हणाल्या, “किती छान रंग आहेत, कण्णा,” आणि द्रोण घेऊन लांब बसल्या.

“सवय व्हायला वेळ लागतो,” अण्णा मला म्हणाला.

“सवय कुणाला, त्यांना की तुला?”

त्याने कंट्रोलर पुन्हा हातात घेतला.

मग सरस्वतीपूजा आली. त्या दिवशी आमच्याकडे पुस्तकं, वह्या, काकूचं शिवणयंत्र, वीणा, हातोडी, पाने, ज्याच्यावर घर चालतं ते सगळं गंध-कुंकू लावून पूजेत ठेवतात. एकदा ठेवलं की दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा पूजा होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. वाचायचं नाही, शिवायचं नाही. टीव्हीलाही टिळा लागे, पण टीव्ही बंद ठेवायची कुणाची तयारी नसे, म्हणून तो नियमातून सुटलेला.

अण्णाने सकाळी आंघोळ करून आपली भौतिकशास्त्राची पुस्तकं मांडली, त्यावर रेशमी पंचा पसरला आणि त्यावर आपला काळा गेम ठेवला. कंट्रोलरसकट. काकांनी गंध लावलं, काकूने फूल वाहिलं. तो इतका खूश होता की मी तिथे उभी असूनही काही बोलले नाही. या वेळचं गप्प बसणं मी मुद्दाम निवडलं होतं.

चार वाजता बायका यायला लागल्या तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो पंच्याकडे गेला आणि काकांनी नुसतं वर पाहिलं.

“अप्पा, जरा वेळ. पाहुणे आलेत.”

“तूच ठेवलंस ना पूजेत?”

“हो, पण…”

“मग उद्या सकाळी.”

मी स्टूल घेऊन माळ्यावर चढले आणि जुना डबा खाली काढला. डबा पिवळा पडला होता, एका कंट्रोलरवर कोळ्याचं जाळं होतं. मी ओल्या फडक्याने पुसला.

“तो कशाला? ते भंगार आहे,” अण्णा म्हणाला.

“म्हणूनच. याला पूजेत ठेवायची कुणाला आठवण झाली नाही.”

दारासुरमहून टाउन बसने आलेल्या एक बाई चटईवर बसल्या होत्या. काकूच्या मैत्रीण, विणकर घरातल्या. त्या तमिळमध्ये म्हणाल्या, “आमच्या घरी आज मागालाही हात नाही. जन्मात पहिल्यांदा माझे हात रिकामे बसलेत. दे काय ते इकडे.” सगळ्या हसल्या. त्या विमान घेऊन निघाल्या आणि पहिल्याच पुलावर आदळल्या.

“पूल होता होय? मला वाटलं स्टेशन आलं, उतरायचंय,” त्या म्हणाल्या, आणि सवयीने कंट्रोलर पुढच्या बाईकडे सरकवला.

त्याच वेळी मामींनी गाणं सुरू केलं होतं. मी वाकून पुन्हा सुरू करायचं बटण दाबलं आणि कंट्रोलर त्यांच्याच हातात परत ठेवला.

“हरले ना मी,” त्या म्हणाल्या.

“गाणं चालू आहे. गाणं संपेपर्यंत तुमचाच.”

हे मी दहा-बारा अनोळखी बायकांसमोर बोलले. माझे कान तापले होते. पण मी हात मागे घेतला नाही. त्या एका गाण्यात त्या पाच वेळा आदळल्या आणि सहाव्या वेळी पूल ओलांडला. ओलांडला तेव्हा मामी गाता गाताच हातांनी ताल जरा जोरात वाजवायला लागल्या.

त्यानंतर कुणाला नियम सांगावा लागला नाही. एक गायची, एक खेळायची. गाणं संपलं की कंट्रोलर पुढे. हरली तरी उठायचं नाही. काकू खेळत असताना मामींनी पल्लवी, गाण्याचं ध्रुवपद, तीनदा परत घेतली, तेव्हा आईसुद्धा म्हणाली, “हे चालणार नाही हं, मामी. तिच्यासाठी गाणं लांबवताय.” काकू पडद्यावरची नजर न हलवता म्हणाली, “लांबवू द्या. माझ्यासाठी कुणी कधी काय लांबवलंय.”

अण्णा दाराला टेकून उभा होता. त्याचे हात कोपरापर्यंत शिवशिवत होते, ते मला दिसत होतं.

दुसऱ्या दिवशी, दसऱ्याच्या सकाळी, पूजा होऊन त्याचा गेम मोकळा झाला. तो म्हणाला, “काल मोजायचं नाही. माझा बंद होता.”

“मान्य,” मी म्हणाले. खरं तर त्याचं बरोबर होतं. “आज तुझा लाव. पण गाण्याचा नियम राहील.”

“मध्येच थांबवायचं? एक टप्पा पुरा व्हायलाच वीस मिनिटं लागतात.”

“मग टप्पा अर्धवट राहील.”

त्याने लावला. दुपारी आधी मामी बसल्या, आईने गाणं सुरू केलं. एक गोष्ट इथे लिहायलाच हवी. मामींना तो नवा गेम आवडला. त्या डोंगरावरून घसरत गेल्या, खाली पाण्यात पडल्या, खळखळून हसल्या. नव्या डब्यात काही खोट नव्हती. आणखी दोन गाणी अशीच गेली असती तर मी हरले असते, आणि न्यायाने हरले असते.

पण दुसऱ्यांदा पाण्यात पडल्यावर अण्णा पुढे झाला. “तसं नाही, मामी. पळत येऊन उडी मारायची. द्या जरा.” मामींनी लगेच दिला, जसं वाट बघणाऱ्या माणसाला आपण पेपर देतो तसा. आईचं गाणं अर्ध्यावर थांबलं. त्याने उडी मारली, पुढची मारली, पाण्याखालचा भुयारी रस्ता दाखवला, तिथली लपवलेली नाणी दाखवली. त्याला वाईट वागायचं नव्हतं. त्याला जे आवडत होतं ते त्यांना दाखवायचं होतं. मामी नारळ खवायला उठल्या. काकू उठली.

आई उठली नाही. थोड्या वेळाने ती मला म्हणाली, “तुझा लाव.”

मी लावला. उठलेल्या दोघी परत आल्या, मामी खवणी घेऊनच.

संध्याकाळी काका आपलं दुकान उघडून, तिथली दसऱ्याची पूजा करून घरी आले. हातपाय धुऊन त्यांनी विचारलं, “मग? खेळल्या का नव्यावर?”

“मामी खेळल्या,” अण्णा म्हणाला.

“किती वेळ?” मी विचारलं.

तो माझ्याकडे न बघता काकांशीच बोलत राहिला. “हे सणाचं आहे, अप्पा. पाहुणे, गाणी. चार दिवसांनी या जुन्याकडे कुणी बघणार नाही. तो परत माळ्यावर जाईल, आणि दुकानदार नंतर घेणार नाही. आज त्याचं दुकान उघडं आहे.”

काका विचारात पडले. त्यांना त्याचं पटतंय हे मला दिसलं. मलाही थोडं पटत होतं, आणि तेच वाईट होतं. तेवढ्यात अण्णा कापडी पिशवी घेऊन टीव्हीमागे गेला.

“चार दिवसांनी थांबल्या तर थांबू देत,” मी म्हणाले. माझा आवाज मोठा झाला होता. “कधीतरीच खेळणाऱ्या माणसाने रोज खेळलं पाहिजे, हे कुणी ठरवलं? महिन्यातून एकदा खेळतील. वर्षातून एकदा खेळतील. तेव्हा त्यांना काय देणार, सहा बटणं आणि शेजारी तू? ठरलं होतं नव्यावर खेळल्या तर. त्या खेळल्या नाहीत. हा इथून हलणार नाही.”

घरात कुणी मला असं बोलताना ऐकलं नव्हतं. काका टॉवेल हातात धरून उभे राहिले. अण्णाने टीव्हीमागून वायर ओढली होती, पडद्यावर मुंग्या आल्या होत्या.

चटईवर आई एकटीच बसली होती, हातात कंट्रोलर. आमचं बोलणं चालू असताना ती खेळतच होती. तिने मान वळवली नाही.

“वायर लाव परत,” ती म्हणाली. “माझी लांब वीट आली होती.”

माझ्या आईने काकूच्या मुलाला कधी काही लाव, काढ, आण म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्यानेही नसावं. तो वायर हातात धरून काकांकडे बघत राहिला. काकांनी टॉवेल खुंटीला अडकवला आणि म्हणाले, “लाव की. तिची वीट आली होती म्हणतेय.”

त्याने वायर लावली. लांब वीट अर्थातच गेली होती, सगळं पहिल्यापासून सुरू झालं. अण्णा दिवाळीपर्यंत माझ्याशी बोलला नाही. मी ते निभावून नेलं. त्या संध्याकाळी तो पिशवी घडी करून आत गेला, आणि मी आईच्या बाजूला जाऊन बसले.