गॅस जातो कुठे?

आमच्या मजल्यावर दोनच बिऱ्हाडं. एक माझं आणि समोर कुमुदिनी गांगुर्डेचं. अंबरनाथ पूर्वेला, नाल्याच्या अंगाला आमची बिल्डिंग आहे. कुमुद एका नर्सिंग होममध्ये रिसेप्शनला बसते. सकाळी डबा भरून निघते ती दिवेलागणीला परत. दिवसभर घरात असतो तो तिचा नवरा राजरत्न.

राजरत्न पूर्वी एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत रिअॅक्टरवर होता. तिथे एकदा व्हॉल्व्ह निसटला आणि उकळता माल त्याच्या अंगावर आला. छाती, पाठ, दोन्ही हात भाजले. मांड्यांची कातडी काढून वर लावली, कितीतरी ऑपरेशनं झाली. माणूस जगला. आता घरी बसून मुलांच्या गणिताच्या ट्यूशन घेतो. दिसायला पूर्ण बाह्यांचा शर्ट घातलेला एक शांत माणूस. पण इस्पितळातून सोडताना डॉक्टरांनी कुमुदला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "लावलेल्या कातडीला घाम येत नाही. तुमच्याआमच्या अंगातली उष्णता घामावाटे निघून जाते, ह्यांची आतच साठणार. उन्हाळ्यात ह्यांना एक गार खोली लागेल. चैन समजू नका, औषध समजा."

म्हणून कुमुदने एसी घेतला. तेव्हा बिल्डिंगमध्ये काय काय बोललं गेलं! खालच्या मजल्यावरचा प्रमोद तर कुमुदला जिन्यात थांबवून म्हणाला होता, "मजा आहे बुवा गांगुर्डेंची. दिवसभर घरात, आणि वर थंडी." घरी येऊन तिने भांडी इतक्या जोरात घासली की मला समोर ऐकू येत होती.

राजरत्नला मात्र ते बोलणं लागलं. तेव्हापासून एसी लावण्यात तो चोरटेपणा करायचा. कुमुद कामाला गेली की बंद, ती यायच्या वेळेला चालू. "मी काय लोणी आहे का वितळायला?" असं मला हसत म्हणायचा, पण कपाळ लालबुंद झालेलं असायचं.

ह्या वर्षी मार्चमध्येच ऊन तापलं. बदलापूर, अंबरनाथला समुद्राचा वारा पोचत नाही, नुसती भट्टी. त्याच सुमारास कुमुदच्या लक्षात आलं की खोली गार व्हायला पूर्वीपेक्षा फार वेळ लागतोय. आधी ती चपला काढून हातपाय धुऊन येईपर्यंत खोलीत बरं वाटायचं. आता स्वयंपाक उरकला तरी भिंती गरमच. तिने राजरत्नला विचारलं, तर तो म्हणाला, "बाहेर ऊन किती आहे बघ. मशीन तरी काय करेल?"

तिने मेकॅनिक बोलावला. संतोष नावाचा, पाठीवर सॅक आणि कानाला फोन. त्याने जाळ्या धुतल्या, बाहेरच्या युनिटला गॅसचा दाब मोजायचं घड्याळ लावून बघितलं आणि म्हणाला, "गॅस कमी झालाय ताई. भरून टाकतो. एकदम चिल्ड होईल."

आणि झालंही. काही दिवस खोली अशी गार की राजरत्न शाल घेऊन शिकवायचा. मग पुन्हा तेच. पुन्हा संतोष, पुन्हा गॅस. त्या दुसऱ्या खेपेला मी तिथेच होते. कुमुदने विचारलं, "अहो, पण आत्ताच तर भरलात. गॅस जातो कुठे?"

"वापरला जातो ना ताई. एसी चालणार तर गॅस संपणारच. गाडीचं पेट्रोल नाही संपत?"

कुमुदचं समाधान झालेलं नव्हतं. तो जिना उतरला तशी मला म्हणाली, "सुनेत्राताई, ह्याला काही कळतंय असं मला वाटत नाही. आणि मलाही काही कळत नाही. ही तर आणखीच चीड आणणारी गोष्ट आहे."

मग तिने कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी गाणं वाजायचं, मग एक मुलगी हिंदीत विचारायची, मॅडम आपकी समस्या क्या है. कुमुद सगळं पहिल्यापासून सांगायची. टेक्निशियन येणार म्हणून तिने कामावरून अर्धा दिवस सुट्टी घेतली. कोणी आलं नाही. संध्याकाळी मेसेज आला की तुमच्या तक्रारीचं निवारण झालेलं आहे. तिने पुन्हा फोन केला, पुन्हा गाणं ऐकलं, पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. असं कितीदा झालं कोण जाणे. शेवटी ती फोनवर ओरडली, "अहो, निवारण झालं म्हणता, मग माझ्या घरात माणूस का भाजतोय?" पलीकडून फोन ठेवला गेला.

ह्या दरम्यान एसी आपल्या परीने सांगत होता, ते आता कळतं. एका सकाळी राजरत्नने मला हाक मारून आत नेलं. "ताई, बघा तर खरं!" एसीच्या पुढची झाकणी त्याने वर केली होती. आतल्या पट्ट्यांवर पांढराशुभ्र बर्फ जमलेला. "किती थंड करतोय बघा. बर्फ पाडला पठ्ठ्याने. कुमुद उगीच डोकं खाते."

मलाही ते पटलं. बर्फ म्हणजे थंडावाच ना? गॅस कमी पडला की असा बर्फ धरतो, हे तेव्हा कुठे माहीत होतं. पण दुपारी तो बर्फ वितळला आणि भिंतीवरून पाण्याचे ओघळ सुरू झाले. राजरत्नने खाली बादली ठेवली. थोडं पाणी गॅलरीतून खाली गेलं, तर प्रमोद वर भांडायला आला. आणखी एक गोष्ट मला खटकत होती. बाहेरचं युनिट माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीला लागून आहे. पूर्वी ते थोडा वेळ घरघरायचं, मग दमून थांबायचं, परत सुरू व्हायचं. आता ते थांबतच नव्हतं. मी कुमुदला तसं म्हटलं. ती म्हणाली, "बिलसुद्धा कधी नव्हे एवढं आलंय. मीटर पळतंय, खोली गरम आणि हे म्हणतात सगळं ठीक आहे. मी कोणाशी भांडू, सांगा."

मे महिन्यातली एक दुपार. मी जेवून आडवी झाले होते. कुमुदचा फोन आला. "ताई, हे फोन उचलत नाहीत. जरा बघता का? चावी आहे ना तुमच्याकडे?"

मी दार उघडलं. एसी चालू होता. वारा येत होता, पण तो फुंकर मारल्यासारखा कोमट. राजरत्न जमिनीवर भिंतीला टेकून बसला होता. तोंड तांबडंलाल. मी हात लावला तर दंड तव्यासारखा तापलेला आणि कोरडा ठणठणीत. कपाळावर मात्र घाम. मला बघून म्हणाला, "शिफ्ट सुटली का? रिक्षा थांबवून ठेवा." कंपनी सुटून इतकी वर्षं झाली आणि हा माणूस रिक्षा थांबवायला सांगतोय.

मी कुमुदला फोनवरच सांगितलं. तिचा आवाज एकदम नर्सिंग होमचा झाला, घाबरलेला अजिबात नाही. "शर्ट काढा. चादर भिजवून अंगावर टाका. पंखा फुल करा. शुद्धीत नाहीत तर पाणी पाजू नका. मी इथली अॅम्ब्युलन्स घेऊन निघाले."

मी बादलीतलं पाणी चादरीवर ओतलं. ओरडून प्रमोदला बोलावलं. तो आला आणि दारातच थबकला. राजरत्नचं उघडं अंग त्याने पहिल्यांदाच पाहिलं असावं. मेण वितळून पुन्हा गोठावं तशी ती छाती. प्रमोदने राजरत्नच्या खांद्याखाली हात घातला आणि आम्ही मिळून त्याला खाली आणलं.

राजरत्न वाचला. दोन दिवस सलाइन, बर्फाच्या पिशव्या. तिसऱ्या दिवशी तो उठून बसला आणि कुमुदचा बांध फुटला. मी डबा घेऊन गेले होते, तेव्हा तिचा आवाज वॉर्डाच्या दाराबाहेर येत होता.

"भर दुपारी किती दिवस गार होत नव्हतं?"

"झाले असतील पाच-सहा. रात्री होत होतं थोडं."

"आणि मी रोज फोन करून विचारत होते, खोली गार आहे ना? तेव्हा काय सांगत होतात?"

राजरत्न चादरीचं टोक चाळवत बसला.

"बोला ना. आहे गार, आहे गार! मशीनला तोंड नाही म्हणून ते गळून, बर्फ धरून, घरघरून सांगतंय. तुम्हाला तोंड आहे, तर तुम्ही खोटं बोलता."

"तू किती फोन करत होतीस ग त्या लोकांना," तो हळूच म्हणाला. "रोज रडकुंडीला येत होतीस. त्यात मी आणखी काय सांगू? माझ्यापायी सगळं..."

"तुमच्यापायी नाही! तुम्ही सांगत नाही त्याच्यापायी."

ती तावातावाने बाहेर आली. कॉरिडॉरच्या टोकाला स्टाफचा फ्रिज होता. बाटली काढून ती घटाघटा पाणी प्यायली आणि दार लावता लावता तशीच उभी राहिली.

"ताई, तुमच्या फ्रिजमध्ये कधी गॅस भरला?"

"फ्रिजमध्ये? नाही बाई. मुलाचं लग्न होऊन सून आली, तेव्हापासूनचा फ्रिज आहे. कधीच नाही."

"माझ्याही नाही. तोसुद्धा गॅसवरच चालतो ना? रात्रंदिवस चालतो. मग त्याचा गॅस वापरला जात नाही, आणि एसीचाच कसा वापरला जातो?" तिचे डोळे बारीक झाले. "संपत नाहीये. गळतोय. कुठेतरी भोक आहे, आणि ते न शोधता हे लोक वरून ओतत बसलेत."

दुसऱ्या दिवशी ती उल्हासनगरला गेली, तिथल्या कॅम्प एक नावाच्या भागात. तिथे भूपेश नावाच्या सिंधी माणसाचं एसी-फ्रिज दुरुस्तीचं दुकान आहे. मी सोबत होते. दुकानात ही गर्दी, कंप्रेसरांचे ढीग, भूपेश एका हाताने चहा आणि एका हाताने फोन सांभाळत होता. न बघताच म्हणाला, "गॅस भरना है? कल लडका भेजता."

"गॅस भरायचा नाही," कुमुद म्हणाली. "गळती शोधायची आहे. आणि शोधल्याशिवाय कोणी गॅस भरला, तर मी त्याला घराबाहेर जाऊ देणार नाही."

भूपेशने तेव्हा कुठे वर पाहिलं. "मॅडम, सीझन आहे. लीक शोधायला अर्धा दिवस जातो. तेवढ्यात माझी चार घरं होतात. एक हफ्ता थांबा."

"माझा नवरा हॉस्पिटलमधून घरी यायचाय. अंगाची कातडी जळालेली आहे त्याची, त्याला घाम येत नाही. तुम्ही येईपर्यंत मी इथेच बसते." आणि ती खरोखरच एका उलट्या ठेवलेल्या खोक्यावर बसली. गिऱ्हाइकं यायची, तिला वळसा घालून जायची. भूपेश वैतागला, पुटपुटला, दोन फोन केले. जेवणवेळ टळून गेली, तेव्हा म्हणाला, "चलो मां, तुम नहीं मानोगी."

तो स्वतः आला. आतलं युनिट उतरवलं, नळ्यांमध्ये दाबाने नायट्रोजन भरला आणि गळती दिसावी म्हणून साबणाचं पाणी ब्रशने लावत गेला. जोडांवर काही दिसलं नाही. मग आतल्या कॉइलच्या, म्हणजे वळणावळणाच्या तांब्याच्या नळीच्या कोपऱ्यात बारीक बारीक फुगे यायला लागले, एका नाही, तीन-चार ठिकाणी. "ये देखो," तो म्हणाला. नळी तिथे काळीठिक्कर पडली होती. त्याने नाक वर करून खिडकीबाहेर हुंगलं. "घरात चांदी काळी पडते का?"

"जोडवी सारखी घासावी लागतात," कुमुद म्हणाली.

"बाहेर वास येतो ना, तोच गॅस. नाल्याचा. चांदी खातो, तांबा पण खातो. तुमची कॉइल गेली. वेल्डिंग केलं तर इथे बंद, तिथे चालू. नवीन कॉइल टाका, वरती कोटिंग मारून देतो. थोडी जास्त टिकेल." थोडं थांबून म्हणाला, "पण हवा हीच राहिली तर हमेशासाठी नाही टिकणार. खोटं कशाला बोलू."

कुमुदने कॉइल बदलून घेतली. माझ्या खिडकीजवळचं युनिट पुन्हा मधेमधे थांबायला लागलं. राजरत्न घरी आला, ट्यूशनची पोरं परत यायला लागली.

पण कुमुदचा राग काही गेला नाही. तिने नाल्याबद्दल अर्ज केला. एका ऑफिसात म्हणाले, हे आमच्याकडे येत नाही. त्यांनी सांगितलेल्या ऑफिसात गेली, तर तिथे म्हणाले, आधी पहिल्या ऑफिसचं पत्र आणा. ती अजून खेपा घालते आहे. प्रमोदने बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या सह्या गोळा करून दिल्या, तेवढाच काय तो फरक. वास आहे तसा येतोच.

परवा दुपारी एक फेज गेली. त्यांच्या घरची लाईट गेली, माझी होती. माझं दार वाजलं. राजरत्न उभा होता, हातात ओला टॉवेल.

"ताई, अंगाची आग होतेय. तुमच्याकडे पंख्याखाली बसू का?"

इतक्या वर्षांत हा माणूस असं कोणाला म्हणाला नव्हता. मी खुर्ची पंख्याखाली ओढली, टॉवेल पुन्हा गार पाण्यातून पिळून त्याच्या मानेवर ठेवला. त्याने शर्टाच्या बाह्या वर सरकवल्या, माझ्यासमोर पहिल्यांदाच. लाईट येईपर्यंत आम्ही कलिंगड खात बसलो.

संध्याकाळी कुमुद आली. मी तिला सांगितलं, वाटलं खूश होईल. ती चपला काढता काढता दारातूनच नवऱ्यावर खेकसली, "आणि मला फोन करायला काय झालं होतं?"