फार शहाणी यादी

आमच्या कॉलेजच्या कॉम्प्युटर लॅबमध्ये चपला घालून जायला मनाई होती. आत एसी, खाली निळा गालिचा, प्रत्येक मशीनवर प्लास्टिकचं झाकण. देवळात जाताना मी कधी इतकी सोवळी झाले नाही. चपला काढायच्या, पदर खोचायचा, झाकण उचलून घडी घालायची आणि मशीन सुरू होईपर्यंत हात मांडीवर ठेवून गप्प बसायचं. नमस्कार तेवढा केला नाही. पहिल्या दिवशी तोही केला असेल, सांगता येत नाही.

वीस-बावीस वर्षं झाली याला. गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजच्या ऑफिसात मी क्लार्क होते. वय चाळीस, चष्मा नवा, अक्कल जुनीच. ऑफिसातल्या लोकांनी कॉलेजातला कॉम्प्युटरचा प्राथमिक कोर्स करावा, असं संस्थेचं पत्र आलं. संध्याकाळी पाच ते सहा, पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर. बाकीच्यांनी गुडघ्यापासून सासूपर्यंत सगळी कारणं पुढे केली. मी एकटी गेले, कारण मला हुशार म्हणवून घ्यायची दांडगी हौस. शिकवणारे सर माझ्या भाच्याच्या वयाचे. ते "मॅडम, छान" म्हणाले की मी घरी जाऊन नवऱ्याला तीनदा सांगायची. तो बिचारा तिन्ही वेळा "अरे वा" म्हणायचा.

लॅबच्या दाराशी मावशी बसायची. झाडलोट करणारी, रोजंदारीवरची. गाव इगतपुरीच्या पलीकडे, पण कामासाठी नाशकात भावाकडे राहायची. आम्ही आत गेलो की ती बाहेरच्या चपला जोडीने लावायची. चाळीस पोरं घाईने आत घुसायची, चपला कुठल्या कुठे उडायच्या. तासाभराने बाहेर यावं तर सगळ्या जोड्या भिंतीला धरून ओळीत. कुणाची कुठली, हे तिला पाहून पाठ होतं. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं. ही मी तेव्हा फार मोठी उणीव मानायची.

कोर्सच्या दुसऱ्या महिन्यात सरांनी तक्ते शिकवले. उभे रकाने, आडव्या ओळी, आणि वरती एक बटण. ते दाबलं की नावं ए ते झेड आपोआप लागतात. मी ते बटण पंधरा वेळा दाबून पाहिलं.

त्याच आठवड्यात मोठ्या भाऊसाहेबांनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, मला हाक मारली. संस्था रोजंदारीवरच्या लोकांना कायम करणार होती. ज्यांची दहा वर्षं भरली, त्यांना. तेवीस माणसं होती. नाव आणि कामाला लागल्याची तारीख, अशी इंग्रजीतली यादी संस्थेला हवी होती.

"बाई, तुम्ही आता कॉम्प्युटरवाल्या. हाताने लिहू की तुम्ही करताय?"

"पंधरा मिनिटांत देते," मी म्हणाले. हे असं बोलायची मी! आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत द्यावीशी वाटते.

मस्टरवरून मी जुन्यात जुना माणूस आधी, अशा क्रमाने नावं आणि तारखा भरल्या. मग वाटलं, एवढं शिकलेय तर दिसायला नको? नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. नावं पटापट ए ते झेड झाली. छापली, सही घेतली, दिली. भाऊसाहेब म्हणाले, "यंत्रच ते! काय सुबक काम."

महिन्याभराने नोटीस लागली. सहाजण कायम झाले. त्यात बागेतला माळी होता. त्याला येऊन चार वर्षंही झाली नसतील. तो पेढे घेऊन आला. मी दोन खाल्ले.

मावशीचं नाव नव्हतं. ती ऑफिसच्या दारात येऊन उभी राहिली. आत यायची तिला सवय नव्हती.

"ताई, माझं काय झालं वो?"

मी यादी काढून बोट फिरवलं. तिचं आडनाव इंग्रजीत डब्ल्यूवरून, म्हणजे अगदी तळाशी. "मावशी, तुम्हाला तीनच वर्षं झालीत."

"तीन? आवं, लायब्ररीच्या भिंतींना पानी मारायला आले व्हते मी. थोरली पोटात व्हती तवा. आता ती पाचवीला हाय."

"तेव्हा तुम्ही बांधकामावर असाल. आमच्याकडे नंतर लागला असाल."

"नाय वो. महिनाभरच बांधकाम. मंग लगेच झाडू दिला हातात."

मागे लोक फीसाठी खोळंबले होते. मी चष्मा वर सरकवला आणि म्हणाले, "मावशी, माणूस चुकतो. कॉम्प्युटर चुकत नाही."

तिने माझ्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या यादीकडे, आणि "आसंल बया" म्हणून निघून गेली. संध्याकाळी नेहमीसारख्या चपला लावून ठेवल्या होत्या. माझ्यासुद्धा.

परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात सर उजळणी घेत होते. "आता एक चूक दाखवतो, जी सगळे करतात," म्हणाले. पडद्यावर पाच मुलांची नावं आणि गुण होते. त्यांनी फक्त नावांचा रकाना निवडला आणि बटण दाबलं. नावं हलली, गुण जागच्या जागी राहिले. नापास पोरगा पहिला आला. वर्ग खो खो हसला. "सगळे रकाने एकत्र निवडायचे," सर म्हणाले, "नाहीतर एकाचं दुसऱ्याला जातं, आणि मशीन काही बोलत नाही." हल्ली म्हणे मशीन आधी विचारतं. तेव्हा विचारत नव्हतं.

मी हसले नाही. सरांचं वाक्य वहीत उतरवून घेतलं आणि त्याखाली दोन रेघा मारल्या.

दुसऱ्या दिवशी यादी काढली. तिच्याकडे नुसतं पाहिलं असतं तरी कळलं असतं. नावं ए ते झेड, आणि तारखाही जुन्यापासून नव्यापर्यंत, दोन्ही एकाच वेळी नीट ओळीत. जगात असं कुठे असतं? ए वरून नाव असलेला सगळ्यात आधी कामाला लागला आणि डब्ल्यूवाली सगळ्यात शेवटी! इतकी शहाणी यादी पाहून शेंबड्या पोरालाही संशय आला असता. मला सुबक वाटली होती.

कपाटातून जुनं मस्टर काढलं. मावशीचा अंगठा अकरा वर्षांपूर्वीच्या पानावर होता, निळ्या शाईत. कायम झालेल्यांपैकी माळी सोडून बाकीचे पाच नशिबाने खरेच जुने निघाले.

भाऊसाहेबांना सगळं दाखवलं.  त्यांनी उठून दार लोटलं.

"ऑर्डरी निघाल्यात, बाई. संस्थेचा शिक्का बसलाय. माळ्याची ऑर्डर रद्द करायची का? पत्र तुम्ही लिहा, मी सही करतो. आणि चूक कुणाची, तेही त्यातच लिहा."

"मावशीला नुसतं वाढवता नाही येणार?"

"जागा सहाच. पुढच्या वेळी बघू."

मी मस्टर कपाटात ठेवलं. पत्र लिहिलं नाही. माळ्याची दोन लहान मुलं आहेत, असं नवऱ्याला सांगितलं. तो "अरे" म्हणाला, "वा" म्हणाला नाही. पण माळ्याच्या मुलांपेक्षा मला माझ्याच नावाची काळजी होती, हे मी त्याला सांगितलं नाही आणि त्याने विचारलं नाही. परीक्षेत मला अ श्रेणी मिळाली. प्रमाणपत्र फ्रेम करून घेतलं. अशी निर्लज्ज.

पुढची वेळ आलीच नाही. मावशी आणखी चौदा वर्षं रोजंदारीवर राहिली. सगळ्यात वाईट म्हणजे हळूहळू तिचंही तेच मत झालं. कुणी विचारलं, "मावशी, किती वर्षं झाली हो?", तर म्हणायची, "मला वाटतं लय झाली, पन कॉम्प्युटरमधी कमी हायेत." स्वतःची वर्षं ती आमच्याकडे मागायला यायची. पुढे गुडघे गेले, तेव्हा एका सोमवारी ती आली नाही. हिशेब करून द्यायला काही निघत नव्हतं, पेन्शनचा तर प्रश्नच नव्हता.

निवृत्त व्हायच्या आधी मी त्या मस्टरच्या पानाची झेरॉक्स काढून पर्समध्ये ठेवली. ती तिथे चार वर्षं राहिली. गेल्या पावसाळ्यानंतर मात्र एसटीत बसून तिच्या गावी गेले. भात कापून झालं होतं. मावशी ओट्यावर पाय पसरून बसली होती. मला पाहून हसली, दात फार कमी राहिले होते. तिने सुनेला चहा टाकायला लावला.

मी सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि हात उडवला. "ताई, वय झालं तुमचं. कॉम्प्युटर कसा चुकंल? तुमीच तर सांगितलं व्हतं."

झेरॉक्स पुढे केली. तिला ती वाचता येणार नव्हती, आणि निळा अंगठा त्यात काळा आला होता. मग मी उठले. ओट्याखाली घरच्यांच्या चपला होत्या. माझी धरून पाच जोड्या. मी वाकून त्यातल्या डाव्या पायाच्या तेवढ्या एकेक जागा पुढे सरकवल्या. उजव्या जागीच ठेवल्या.

"या डाव्या म्हणजे नावं, मावशी. या उजव्या म्हणजे तारखा. मी नुसतीच नावं हलवली."

तिने एकदाच पाहिलं. चपलांचं तिला कुणी समजावायला नको होतं.  सून चहा ठेवून गेली.

"हे तुमाला कवा कळलं?"

एसटीत मी याचं उत्तर तयार करून आणलं होतं. आत्ताच कळलं, घरी जुने कागद चाळताना. चांगलं उत्तर होतं, पटण्यासारखं.

"तेव्हाच," मी म्हणाले. "महिन्या-दोन महिन्यांत."

मावशी भिंतीचा आधार घेत उठली. गुडघे वाजले. ओट्यावरून खाली उतरून तिने वाकून एकेक चप्पल उचलली आणि परत जोडीला जोड लावली. घरच्या चार जोड्या भिंतीला. माझी जोडी तिने उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवली, रस्त्याकडे तोंड करून.

"तुमची यष्टी चुकंल, ताई," ती म्हणाली.

एसटीला अजून तास होता. चहा मी पिऊ शकले नाही. फाटकाबाहेर जाऊन चपला घातल्या आणि स्टॉपवर जाऊन बसले.