कागद न वाचणारा कीबोर्डवाला

आमच्या ऑर्केस्ट्रातलं कुणी रस्त्यात भेटलं की चहा येईपर्यंत चार किस्से होतात. सांगून सांगून ते इतके गुळगुळीत झालेत की कुठल्या शब्दावर कोण हसणार हेही ठरलेलं असतं. आणि सगळ्यात जास्त हसत ते सांगायचो मीच. एकदा बायकोने भांडी विसळता विसळता विचारलं, "यातल्या प्रत्येक गोष्टीत हसं तुमचंच कसं होतं हो?" मी त्यावरही हसलो. पण ते डोक्यातून गेलं नाही. म्हणून या वेळी तेच किस्से सांगतो, फक्त मधेमधे हसत नाही.

* * *

आम्ही ठाण्याला, कोपरीत राहायचो. बाबा कारखान्यात फिटर होते आणि संध्याकाळी बुद्धविहारातल्या गायनपार्टीत पेटी वाजवायचे. पेटी घरी कपाटावर असायची. रेडिओ मात्र शेजारच्यांकडे. तिथे आवडतं गाणं लागलं की मी स्टुलावर चढून पेटी खाली काढायचो, आणि पेटी जमिनीवर येईपर्यंत अर्धं गाणं निघून गेलेलं असायचं. टेप नव्हता. गाणं पुन्हा कधी लागेल सांगता यायचं नाही. मग जेवढं कानात राहिलं तेवढं वाजवायचं आणि सुटलेलं आपल्या मनाने भरायचं. मला तर शब्दांच्या चालीपेक्षा दोन कडव्यांच्या मधलं म्युझिकच जास्त आवडायचं, आणि सुटायचंही नेमकं तेच.

एकदा मी हे असं भरलेलं गाणं बाबांच्या पार्टीसमोर वाजवलं. मी अकरा वर्षांचा असेन. पार्टीतला गायक म्हणाला, पोरगं चुकतंय, मूळ गाण्यात मधलं म्युझिक असं नाही.

बाबा म्हणाले, "मूळ गाण्यात चुकलंय."

* * *

दहावी झाल्यावर मी डोंबिवलीला एका क्लासमध्ये गेलेलो. भागवत सरांच्या घरी पुढच्या खोलीत पियानो होता आणि ते पाश्चात्त्य नोटेशन शिकवायचे. पहिल्या दिवशी त्यांनी वहीत लिहायला नाव विचारलं. मी म्हटलं, मिलिंद जाधव.

"कोणते जाधव?"

"कोपरीचे."

सर थोडा वेळ पेन धरून थांबले, मग त्यांनी लिहिलं.

सर आधी धडा एकदा वाजवून दाखवायचे, मग मुलांनी कागदात बघून वाजवायचा. मला कागदावरच्या त्या पाच रेघा आणि त्यावरचे ठिपके काही केल्या कळेनात. पण एकदा ऐकलेलं वाजवणं हे मी लहानपणापासून करत होतो. मी नजर कागदावर ठेवायचो आणि ऐकलेलं वाजवून मोकळा व्हायचो. तीन आठवडे सर खूश होते. चौथ्या रविवारी त्यांनी धडा वाजवला, मी वाजवला, आणि बाकीची मुलं एकमेकांकडे बघायला लागली. सरांनी मुद्दाम एक सूर चुकीचा वाजवला होता. कागदावर दुसराच होता. मी चूकही जशीच्या तशी वाजवली होती.

सर रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. शांतपणे म्हणाले, "तुझे कान चांगले आहेत. पण इथे वाचायला शिकवतात. तुमच्याकडे गाण्याबजावण्याचं वातावरण असतंच, तुला क्लासची काय गरज?"

'तुमच्याकडे' म्हणजे कोपरीत, असा अर्थ लावून मी घरी येऊन बाबांना सांगितलं. बाबा पेटीचा भाता उघडून नुसतेच बसले.

* * *

नाना म्हात्रेंचा ऑर्केस्ट्रा डोंबिवलीतला. नाना तिथल्या जुन्या गावातले. स्वतः निवेदन करायचे, आणि तालमीची खोली पिठाच्या गिरणीच्या वर होती. त्यांच्या मेहुण्याने मस्कतहून कीबोर्ड आणला होता आणि त्यांना वाजवणारा हवा होता. माझ्याआधी तिघं येऊन गेले होते. मी गेलो तेव्हा खाली गिरणी चालू होती, जमीन थरथरत होती. मी कीबोर्डला पहिल्यांदाच हात लावत होतो. काय वाजवावं सुचेना, म्हणून गिरणीचा सूर शोधायला लागलो. तो काळी दोन आणि पांढरी तीन या पट्ट्यांच्या मधे कुठेतरी होता, आणि खाली कुणी दाणे ओतले की उतरायचा. मी तो उतरला की उतरायचो, चढला की चढायचो, आणि वर उजव्या हाताने काहीबाही फिरत राहिलो. गिरणी बंद झाली तेव्हा थांबलो.

नाना म्हणाले, "बाला, उद्यापासून ये. ते तिघं कागद घेऊन आलेले. तिघंही बोलले, आधी गिरणी बंद करा."

हा किस्सा सांगताना नाना नेहमी पुढे जोडायचे की मिलिंदला गिरणीवाल्यानेच शिकवलं. लोक खूप हसायचे. बाबांचं नाव मी त्यात कधी घातलं नाही.

* * *

टिटवाळ्याला माघी गणपतीचा कार्यक्रम होता. आमच्या मुख्य गायिका सुलभाताई, तेव्हा चाळिशीच्या. आवाज गोड, पण शब्दांची वही सोबत नसली की घाबरायच्या. त्या संध्याकाळी वही घरी राहिली. पहिलं कडवं झालं, मधलं म्युझिक झालं आणि त्या सुरू होईनात. मी बघितलं तर डोळे मिटून उभ्या. दुसरं कडवं साफ विसरल्या होत्या.

मी म्युझिक पुढे नेलं. तेच परत वाजवलं असतं तर लोकांना कळलं असतं, म्हणून नवीन सुरू केलं. तबलजी माझ्याकडे बघून मान हलवत होता. किती वेळ वाजवलं आठवत नाही, पण पुढच्या रांगेतली माणसं ताल धरायला लागली होती. शेवटी ताईंना शब्द आठवले, त्यांनी बरोबर सुरावर उचललं आणि टाळ्यांचा नुसता पाऊस.

खाली उतरल्यावर मंडळाच्या अध्यक्षांनी विचारलं की मधे एवढं लांबलं कसं. सुलभाताई साडीचा पदर सारखा करत म्हणाल्या, "मिलिंद भरकटला होता हो. मी सांभाळून घेतलं."

अध्यक्षांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, होतं असं, सवय झाली की जमेल. मी थँक यू म्हटलं.

* * *

मग नानांच्या मनात आलं की मोठ्या ऑर्केस्ट्रात वाजवणाऱ्यांसमोर स्टँड असतो, त्यावर कागद असतात, आपल्याकडेही हवेत. मी म्हटलं मला वाचता येत नाही. ते म्हणाले, तुला कोण वाचायला सांगतंय, लोकांना कागद दिसला पाहिजे. आणि त्यांनी घरातून हाताला लागले ते कागद आणून स्टँडवर लावले. मी दर गाण्याला एक पान उलटायचो.

माजिवड्याच्या एका नव्या कॉलनीत कार्यक्रम होता. मध्यंतरात पहिल्या रांगेतले एक गृहस्थ स्टेजवर आले. शाळेत संगीत शिकवत असल्याचं त्यांनी सांगितलं. मी उठायच्या आत त्यांनी चष्मा सरसावून स्टँडवर वाकून पाहिलं. सगळ्यात वर नानांच्या सोसायटीची पाणीकपातीची नोटीस होती, सायक्लोस्टाइल केलेली, खाली सेक्रेटरीची सही.

ते बराच वेळ वाचत होते. मग सरळ झाले आणि म्हणाले, "अवघड दिसतंय. रोज रियाज करा."

त्यांना खरंच कळलं नाही की कळून ते तसं बोलले, यावर आमच्यात अजून वाद होतो. मला त्या दिवशी वाद घालावासा वाटला नाही. वाचता यायलाच हवं, असं मी तिथेच ठरवलं.

* * *

ऑर्केस्ट्रात कागद वाचता येणारा एकच, शिरीष. गिटार वाजवायचा, गरज पडली तर कीबोर्डही. माझ्याच वयाचा, माझा सगळ्यात जवळचा मित्र. कल्याणला त्याच्या बिल्डिंगच्या गच्चीवर रविवारी सकाळी तो मला शिकवायला लागला. मला कॉर्ड्सची, म्हणजे एकत्र दाबायच्या सुरांची, नावंसुद्धा माहीत नव्हती. मी त्यांना माझी नावं ठेवली होती. एक हसरा, एक रडका, आणि एक होता त्याला मी दारातला म्हणायचो, कारण तो वाजवला की कुणीतरी दारात उभं आहे आणि आत येत नाही असं वाटायचं. शिरीष पोट धरून हसला. मग त्याने प्रत्येकाचं खरं नाव वहीत लिहून दिलं.

दोन रविवार झाले. मला रेघांवरचे सूर ओळखता यायला लागले होते. अडखळत का होईना, पहिली ओळ मी कुणी न ऐकवता वाजवली.

तिसऱ्या रविवारी शिरीषला काम निघालं. चौथ्यालाही. पाचव्या रविवारी मी न सांगता गेलो तर तो घरातच पेपर वाचत बसलेला. मी विचारलं, काय झालं रे, मी फार स्लो आहे का?

"स्लो नाही, हाच प्रॉब्लेम आहे," तो म्हणाला. "कान तुझ्याकडे आहेच. वाचायलाही शिकलास तर मला कोण विचारणार?"

तो हसत म्हणाला होता, म्हणून मीही हसलो. शिरीषच्या बायकोने पोहे केले होते. ते खाऊन मी निघालो. नंतर आम्ही दोघांनी तो विषय काढला नाही, आणि कार्यक्रम पूर्वीसारखेच करत राहिलो.

* * *

कॅसेटचं युग जोरात होतं तेव्हाची गोष्ट. नानांच्या ओळखीने सुलभाताईंची भक्तिगीतांची कॅसेट ठरली आणि ठाण्यातल्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिंग होतं. मुंबईहून एक अरेंजर आले होते, सगळे त्यांना साहेब म्हणायचे. एका गाण्याच्या सुरुवातीला त्यांना काही सुचत नव्हतं. नानांनी मला पुढे केलं. मी गाणं एकदा ऐकलं आणि वाजवलं. साहेबांनी डोळे मिटले. परत वाजव म्हणाले. मी वाजवत गेलो आणि ते भराभर कागदावर लिहीत गेले. लिहून झाल्यावर म्हणाले, "सुंदर. वाचता येतं ना?"

मी नाही म्हटलं.

साहेबांनी नानांना समजावलं की इथे बाकीचे वादक कागदावर वाजवतात, एकाने मनाने वाजवलं तर सगळ्यांचा टेक वाया जातो. नानांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कीबोर्डवर शिरीष बसला. मी बाहेर पॅसेजमधल्या बाकावर.

दारावरचा लाल दिवा लागायचा आणि विझायचा. आतून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकू येत होता आणि दर वेळी मधेच तुटत होता. सात-आठ टेक झाल्यावर साहेबांनी पाच मिनिटं सुट्टी दिली. शिरीष बाहेर आला. घामाघूम झाला होता. तो बाकावर माझ्या शेजारी बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मिल्या, लिहिलंय ते सगळं बरोबर वाजवतोय मी. पण ते तसं होत नाहीये. तू काय करत होतास?"

मी त्याचा उजवा हात माझ्या मांडीवर घेतला, पालथा. त्याच्या बोटांवर माझी बोटं ठेवली आणि पूर्ण तुकडा दाबून दाखवला. कुठे जोर द्यायचा, कुठे उशिरा यायचं, कुठे बोट उचलायचंच नाही. दोनदा. तिसऱ्यांदा त्याने माझ्या मांडीवर वाजवला, आणि तो बरोबर होता.

शिरीष आत गेला, लाल दिवा लागला. या वेळी तुटलं नाही.

दार उघडून साहेब बाहेर आले. खुशीत होते. पॅसेजमध्ये मी एकटाच होतो, म्हणून ते माझ्यापाशी थांबले. माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बघितलंस? वाचता येत असलं की असं होतं."